डोक्यात घट्ट बसलेला समज कसा तपासायचा आणि कसा बदलायचा

माणसाच्या पेशीत गुणसूत्रं किती असतात? १९२३ साली थिऑफिलस पेंटर या अमेरिकी संशोधकाने ४८ हा आकडा प्रसिद्ध केला आणि पुढची तेहतीस वर्षं तो पाठ्यपुस्तकांत टिकून राहिला. १९५६ साली जो हिन त्जिओ आणि अल्बर्ट लेवान यांनी स्वीडनमधल्या लुंड इथे पेशी नीट पसरवून पुन्हा मोजणी केली, तेव्हा गुणसूत्रं ४६ निघाली. त्यांच्या शोधनिबंधात एक छोटीशी नोंद आहे आणि मला ती त्या आकड्याहून मोलाची वाटते. त्यांच्या माहितीतल्या काही संशोधकांनी त्याआधी मानवी यकृताच्या पेशींवरचं आपलं काम थांबवून ठेवलं होतं, कारण त्यांना सगळी ४८ गुणसूत्रं सापडत नव्हती. त्यांच्या काचपट्ट्यांवर पुन्हा पुन्हा ४६च मोजली गेली होती.

त्यांची मोजणी बरोबर होती. तरी त्यांनी शंका घेतली ती स्वतःच्या डोळ्यांवर. ४८ वर नाही.

जुना समज असाच वागतो. पुरावा समोर पडलेला असतो, आपण तो हाताळलेलाही असतो, आणि तरी ‘आपलंच काहीतरी चुकतंय’ म्हणून बाजूला ठेवतो. त्यामुळे ‘मन मोकळं ठेवा’ एवढ्या सल्ल्याने काही हलत नाही. मन मोकळं आहे असं प्रत्येकालाच वाटत असतं. हाताशी एखादी रीत लागते. मी स्वतः जी वापरली ती इथे पायरीपायरीने मांडते आहे.

उदाहरण माझंच घेते. मी प्रूफं तपासते, म्हणजे मुद्रितशोधनाचं काम करते. वीसेक वर्षं माझा ठाम समज होता की मला पाच तासांची झोप पुरते. नुसती पुरते असं नाही, रात्री उशिरा केलेलं काम माझं सगळ्यात स्वच्छ होतं, असंही मी मानत होते. हा समज मोडायला मला जवळपास वर्ष लागलं.

पहिली पायरी : समज एका वाक्यात लिहा

कागदावर लिहा. मनातल्या मनात केलेलं इथे चालत नाही, कारण मनातलं वाक्य अडचणीच्या वेळी आकार बदलतं.

माझं पहिलं वाक्य होतं, ‘मला फारशी झोप लागत नाही.’ यातून काहीच तपासता येत नाही. ‘फारशी’ म्हणजे किती? ‘लागत नाही’ म्हणजे येत नाही, की गरज नाही? दोन-तीनदा खोडून शेवटी असं लिहिलं : ‘रात्री पाच तास झोपले तरी दुसऱ्या दिवशीचं माझं काम बिघडत नाही.’ हे वाक्य खरं किंवा खोटं ठरू शकतं. तुमचं वाक्य इथपर्यंत येईस्तोवर पुढे जाऊ नका. बहुतेक लोक ही पायरी घाईत उरकतात आणि पुढे सगळं निसटतं.

या वेळी एक गोष्ट वेगळी काढून ठेवा. ‘मुलांशी प्रामाणिक राहायला हवं’ हे मूल्य आहे. ‘धाक असला की मुलं प्रामाणिक राहतात’ हा समज आहे. मूल्यं निरीक्षणाने तपासायची नसतात, समज तपासायचे असतात. दोन्ही एकाच वाक्यात गुंफलेली असली तर समजाला धक्का लागला की मूल्यालाच धक्का लागल्यासारखं वाटतं आणि माणूस जिवाच्या आकांताने बचाव करतो. आधी गाठ सोडवा.

वाक्यापुढे तारीख घाला आणि शंभरपैकी किती खात्री आहे तो आकडा लिहा. मी ९५ लिहिला होता.

दुसरी पायरी : हा समज कुठून आला आणि तो तुमच्यासाठी काय करतो?

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. पुराव्याकडे वळायच्या आधी दोन प्रश्नांची उत्तरं लिहून काढा.

पहिला प्रश्न : हे मला पहिल्यांदा कधी आणि कोणाकडून कळलं? माझ्या बाबतीत उत्तर वडील. ते पहाटे चारला उठून वाचत बसायचे. घरात सगळे झोपलेले आणि त्यांच्या टेबलावर तेवढा दिवा. मी लहानपणी दारात उभी राहून तो उजेड पाहिलेला आहे. कमी झोपणारा माणूस म्हणजे मन लावून काम करणारा माणूस, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, मी ते त्या उजेडात पाहिलं होतं. लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं की माझ्या समजामागे अनुभव नव्हता, ते एक चित्र होतं. आणि तेही अर्धं, कारण वडील रात्री नऊला झोपायचे. हा भाग मी वीस वर्षांत कधी जमेलाच धरला नव्हता.

दुसरा प्रश्न : हे खोटं निघालं तर मला काय सोडावं लागेल? इथे प्रामाणिकपणा लागतो आणि तो सोपा नाही. माझी यादी अशी होती. ‘मी इतरांपेक्षा कणखर आहे’ हा अभिमान सोडावा लागेल. जास्तीची कामं घेणं सोडावं लागेल, म्हणजे मिळकत कमी होईल. रात्रीचा एकटीचा वेळ जाईल, आणि तो मला अतिशय प्रिय आहे. चौथी गोष्ट लिहायला दोन दिवस लागले : ज्यांना मी ‘फार झोपतेस तू’ म्हणून हिणवलं, त्यांच्यासमोर मान खाली घालावी लागेल.

तुमच्या यादीत नाती असतील. कितीतरी समज आपण एकटे बाळगत नाही, माणसांच्या गोतावळ्यात बाळगतो, आणि ते सोडले तर तिथली आपली जागा जाईल की काय अशी भीती असते. ही भीती खोटी नसते. ती कागदावर आली म्हणजे निदान ती पुराव्याचं सोंग घेत नाही.

तिसरी पायरी : हे कसं घडतं, ते समजावून सांगा

ही पायरी छोटी आहे. समजामागची यंत्रणा एखाद्या अनोळखी माणसाला सांगतो आहोत अशा रीतीने लिहून काढा. २००२ साली लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक काइल या अभ्यासकांनी लोकांना विचारलं की झिप किंवा कुलूप कसं चालतं हे तुम्हाला किती कळतं. लोकांनी स्वतःला बरे गुण दिले. मग त्यांना ते पायरीपायरीने लिहायला लावलं, आणि त्यानंतर त्यांनी स्वतःच आपले गुण कमी केले. मीही ‘पाच तासांत माझ्या मेंदूची विश्रांती पूर्ण कशी होते’ हे लिहायला बसले. दीड ओळीत थांबले. तरी ९५ चा आकडा लगेच उतरवू नका. कारण ठाऊक नसलेली गोष्टही खरी असू शकते. एवढंच कळतं की आपली खात्री ज्ञानातून आलेली नव्हती.

चौथी पायरी : काय दिसलं तर मत बदलेन, हे बघायच्या आधी लिहा

माझ्या मते सगळी रीत या पायरीवर उभी आहे. बाकीच्या चुकल्या तरी चालेल, ही चुकवू नका.

कारण समजण्यासाठी एक खेळ करून बघा. कोणीतरी तुम्हाला तीन आकडे देतं : २, ४, ६. हे आकडे एका नियमात बसतात. तुम्ही स्वतः तीन-तीन आकडे सुचवायचे, समोरचा फक्त ‘बसतात’ किंवा ‘बसत नाहीत’ एवढंच सांगणार. खात्री झाली की नियम ओळखायचा. बहुतेक जण ८, १०, १२ सुचवतात. बसतात. मग २०, २२, २४. बसतात. १००, १०२, १०४. बसतात. मग ते विश्वासाने सांगतात, ‘दोन-दोनने वाढणारे आकडे.’ चूक. नियम एवढाच असतो की आकडे चढत्या क्रमाने हवेत. १, ७, ५० सुद्धा बसले असते, पण ते कोणी विचारत नाही.

पीटर वेसन यांनी १९६० साली हा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात २९ जणांपैकी फक्त ६ जणांनी एकही चुकीचं उत्तर न देता नियम ओळखला. बाकीचे मूर्ख नव्हते, विद्यापीठात शिकणारी मुलं होती. त्यांनी पुरावाही भरपूर गोळा केला होता, पण ‘हो’ मिळेल अशाच जागी. आपला समज चुकीचा असेल तर कुठे ‘नाही’ ऐकू येईल, तिथे ते गेलेच नाहीत.

म्हणून कागदावर लिहा : ‘माझा समज चुकीचा असेल, तर मला कुठे, काय दिसायला हवं?’

मी लिहिलं : मी तपासलेल्या पानांचं दुसरं वाचन माझी सहकारी करते. तीन आठवडे रोजची झोप वहीत लिहायची, आणि माझ्या नजरेतून सुटलेल्या किती चुका तिला सापडल्या तेही लिहायचं. तिला झोपेचे तास सांगायचे नाहीत. कमी झोपेच्या दिवशी चुका स्पष्टपणे जास्त सुटल्या, तर माझा आकडा ५० च्या खाली येईल. ही शेवटची ओळ आधी लिहिलेली असणं फार गरजेचं आहे. निकाल पाहिल्यावर आपण सबबी शोधतो. आधी लिहिलेली ओळ आपल्याला तिथेच धरून ठेवते.

वाचून तपासण्यासारखा विषय असेल, तर आणखी एक प्रश्न सोबत ठेवा. १९८४ साली चार्ल्स लॉर्ड, मार्क लेपर आणि एलिझाबेथ प्रेस्टन यांनी फाशीच्या शिक्षेबद्दल ठाम मतं असलेल्या विद्यार्थ्यांना त्या विषयावरचे अभ्यास वाचायला दिले. काहींना सांगितलं, ‘निःपक्षपातीपणे वाचा.’ त्याने काही फरक पडला नाही. जो तो आपल्या बाजूचा अभ्यास भक्कम आणि विरुद्ध बाजूचा कच्चा ठरवत राहिला. काहींना मात्र सांगितलं, ‘याच अभ्यासाचा निष्कर्ष उलटा निघाला असता, तरी तुम्ही त्याला हेच गुण दिले असते का, ते प्रत्येक वेळी स्वतःला विचारा.’ त्यांचा कल बराच कमी झाला. हा प्रश्न मी टेबलावर चिकटवला आहे. एखादा लेख वाचून ‘यात काही दम नाही’ असं वाटलं की त्याकडे बघते.

पाचवी पायरी : उलटी गोष्ट दिसली की त्याच क्षणी लिहा

संध्याकाळी नाही, त्याच क्षणी. चार्ल्स डार्विन यांनी आत्मचरित्रात सांगितलं आहे की आपल्या निष्कर्षाविरुद्ध जाणारी एखादी बाब किंवा विचार समोर आला की ते न चुकता लगेच टिपून ठेवत, कारण सोयीच्या गोष्टींपेक्षा असल्या गोष्टी स्मरणातून लवकर निसटतात, असा त्यांचा अनुभव होता.

माझ्या वहीतलं तिसऱ्या दिवसाचं पान असं आहे : ‘झोप पावणेपाच तास. सकाळी ताजं वाटलं. तिला सापडलं : पान ४१ वर “आणि” लागोपाठ दोनदा. पान ४३, “दीन” हवं तिथे “दिन”. पान ४७, एक पूर्ण ओळ दोन वेळा आलेली.’ दोन वेळा आलेली ओळ! ती माझ्या नजरेखालून गेली होती, आणि समासात तिथे माझी ‘तपासलं’ची खूणही होती. त्या पानाकडे मी बराच वेळ बघत बसले. पहिला विचार आला, ‘अक्षर बारीक होतं.’ तोही लिहून ठेवला. सबबीसुद्धा टिपून ठेवा, त्या पुढे उपयोगी पडतात. तीन आठवड्यांनी सलग वाचलं, तर कमी झोपेच्या प्रत्येक दिवसासमोर काहीतरी सबब होती आणि सात तास झोपलेल्या एकाही दिवसासमोर नव्हती.

इथे एक मोठा खड्डा आहे आणि मी त्यात बरीच वर्षं होते. मी पुरावा म्हणून काय वापरत होते? ‘मला झोप आल्यासारखं वाटत नाही.’ २००३ साली हान्स व्हॅन डोंगेन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी माणसांना १४ दिवस, काहींना रोज चार, काहींना सहा, काहींना आठ तास झोपू दिलं. सहा किंवा त्याहून कमी तास झोपणाऱ्यांचं लक्ष दिवसेंदिवस ढळत गेलं, आणि शेवटी त्यांची अवस्था एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसासारखी झाली. पण ‘तुम्हाला किती झोप येते आहे’ असं विचारलं, तर त्यांचं उत्तर पहिल्या काही दिवसांनंतर फारसं बदललं नाही. काम घसरत होतं, त्याची जाणीव होत नव्हती. म्हणजे ज्या मोजपट्टीने मी स्वतःला मोजत होते, तीच कमी झोपेने बिघडलेली होती.

तुमच्या समजालाही हाच प्रश्न विचारा : मी ज्यावरून ‘सगळं ठीक आहे’ म्हणते, ती मोजपट्टी याच समजाच्या ताब्यात तर नाही? ‘माझ्या धाकात वाढलेली मुलं कधी खोटं बोलत नाहीत’ असं म्हणणाऱ्या पालकाला खोटं कळण्याची शक्यताच कमी असते. असं असेल तर बाहेरची मोजपट्टी शोधा, दुसऱ्या माणसाची किंवा आकड्यांची.

सहावी पायरी : आकडा हलवा

पालथं व्हायची गरज नसते. माझा ९५ आधी ७० झाला, मग ४०. मधे तो एकदा ६० वर चढलाही, कारण फार कमी झोप पुरणारी काही माणसं जन्मतःच असतात, हे मी वाचलं आणि लगेच स्वतःला त्यांच्यात बसवलं. पण ती माणसं अगदी विरळा. आणि माझी वही माझ्याच बाबतीत काय सांगते आहे ते समोर होतं. एका दिवसात मत फिरवण्याचा हट्ट धरला तर मन अडतं. पाच-दहाने हलायला ते तयार होतं.

सातवी पायरी : रिकामी जागा भरा

नुसतं ‘हे चूक आहे’ कळून भागत नाही. १९९४ साली हॉलिन जॉन्सन आणि कॉलीन सीफर्ट यांनी लोकांना एका गोदामाला लागलेल्या आगीची हकीकत वाचायला दिली. आधी लिहिलं होतं की कपाटात रंगाचे डबे आणि गॅसच्या टाक्या होत्या. पुढे लिहिलं की ती माहिती चुकीची, कपाट रिकामं होतं. दुरुस्ती लक्षात असूनही लोक आगीचं कारण सांगताना रंग आणि गॅसकडेच वळत राहिले. मात्र कोणीतरी मुद्दाम आग लावल्याच्या खुणा सापडल्या, असं दुसरं कारण दिलं तेव्हा जुन्या कारणाचा आधार घेणं बरंच कमी झालं.

मनाला तुटकी गोष्ट चालत नाही. जुनी गोष्ट काढायची तर तिच्या जागी दुसरी पूर्ण गोष्ट द्यावी लागते. माझ्यापुढे प्रश्न होता : पाच तासांची झोप वाईट, तर इतकी वर्षं माझं नाव चांगलं कसं राहिलं? उत्तर शोधल्याशिवाय समज हलणार नव्हता. उत्तर माझ्या समोरच्या टेबलावर बसलेलं होतं. माझ्यानंतर दुसरं वाचन करणारी माणसं होती. माझ्या सुटलेल्या चुका त्यांनी पकडल्या आणि शाबासकी मला मिळाली. हे कळलं त्या दिवशी मला खूप वाईट वाटलं, आणि समज खऱ्या अर्थाने सुटला तोही त्याच दिवशी.

दुसऱ्या पायरीतली यादीही इथे पुन्हा काढा. सोडावं लागणाऱ्या प्रत्येक गोष्टीला पर्याय लागतो. रात्रीचा एकटीचा वेळ मला हवाच होता, तो आता पहाटे मिळतो. त्यासाठी नऊला झोपते. कमी झालेल्या मिळकतीला पर्याय सापडला नाही, ती कमीच आहे.

आठवी पायरी : ज्यांना तुम्ही हे शिकवलंत, त्यांना सांगा

समज बदलताना सगळ्यात जास्त टोचते ती एकच गोष्ट : इतकी वर्षं मी चुकीचं वागले आणि त्याचे परिणाम दुसऱ्यांनी भोगले. तान्ह्या बाळांना पोटावर झोपवावं, हा सल्ला अनेक देशांत कित्येक दशकं दिला जात होता आणि आईबाप तो मायेने पाळत होते. पुढे अभ्यासांतून दिसलं की पोटावर झोपवल्याने बाळाचा झोपेत अचानक मृत्यू होण्याचा धोका वाढतो. अमेरिकेत १९९४ साली बाळांना पाठीवर झोपवण्याची मोहीम सुरू झाली, आणि काही वर्षांतच अशा मृत्यूंचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. ज्या डॉक्टरांनी आणि आज्यांनी आधी उलटं सांगितलं होतं, त्यांनाही नवं सांगावं लागलं. ‘आम्ही तर पोटावरच झोपवायचो, काही झालं नाही’ असं म्हणणं सोपं होतं. ज्यांनी ते गिळून ‘आता पाठीवर झोपवा’ म्हटलं, त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

सांगताना तीन गोष्टी सांगा : मी काय मानत होते, काय पाहिलं, आता काय मानते. स्वतःची लाज फार उगाळू नका, नाहीतर समोरच्याला तुमचंच सांत्वन करत बसावं लागतं.

माझ्या हाताखाली शिकलेली एक मुलगी आहे. तिला मी नवीन असताना रात्री जागून काम करायला लावलं होतं. तिला म्हटलं, ‘रात्रीचं काम स्वच्छ होतं, असं मी तुला सांगायची. वही ठेवून पाहिलं. तसं नाही. माझ्या चुका रात्रीच जास्त सुटतात.’

ती जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘ताई, मला तेव्हा वाटायचं की मीच कमी पडते. तुम्हाला जमतं आणि मला का नाही.’

‘मलाही जमत नव्हतं,’ मी म्हटलं.

तुमच्या बाबतीत कोणी रागावेलही. रागावू द्या. खुलासे देत बसू नका, ऐकून घ्या.

नववी पायरी : समज परत येईल, त्याची तयारी

घाई, ताण, आजारपण, जुन्या माणसांची संगत, अशा वेळी तो परत येतो. अंतिम प्रूफं उद्या सकाळी द्यायची आहेत अशा रात्री साडेदहाला माझं मन अजूनही म्हणतं, ‘आजच्या दिवस जागलीस तर काय होतं? तुला तर सवय आहे.’ शब्द तेच, सूरही तोच.

यासाठी दोन गोष्टी करून ठेवा. त्या मूळ वाक्याच्या खाली नवं वाक्य, तारीख आणि आकडा लिहा, म्हणजे दोन्ही एका नजरेत दिसतील. आणि सहा महिन्यांनी पुन्हा बघायची तारीख टाका, कारण नवं वाक्यही चुकीचं असू शकतं. माझं नवं वाक्य आहे, ‘सात तासांपेक्षा कमी झोपले तर दुसऱ्या दिवशी चुका सुटतात’, खात्री ८०. कदाचित साडेसहा पुरत असतील. पुढच्या तारखेला ते तपासणार आहे.

आणि ती रात्र आलीच, तर माझ्यापुरतं मी असं करते : वही उघडते, पान ४७ ची नोंद वाचते, प्रूफांच्या गठ्ठ्यावर पेन्सिल आडवी ठेवते आणि दिवा मालवते.